फुजैराच्या हद्दीबाहेर

जहाजावरून,
३ डिसेंबर

हलिमा,

सलाम. माझं अक्षर बघून घाबरू नकोस, हात शाबूत आहे. बारावीनंतर एवढं मराठी हाताने लिहायची वेळच आली नाही. लग्नाआधी तुला पाठवलेली तीन पत्रं धरू नकोस, ती मुनिबा आपाने सुधारून दिली होती. बहीण असावी तर अशी. आज मात्र ती हाताशी नाही, तेव्हा चुकांसकट वाच.

आमचे फोन गेले. एका खलाशाने डेकवरचा व्हिडिओ टाकला आणि पहारेकऱ्यांनी सगळ्यांचे फोन गोळा करून कॅप्टनच्या तिजोरीत ठेवले. आता बाहेरच्या जगाशी संबंध एकच, हमदुल्लाची लाँच. आठवड्याने, दहा दिवसांनी तो फुजैराहून पाणी, भाजी, कोंबड्या घेऊन येतो. पत्र उघडं द्यायचं, पहारेकरी उलटंसुलटं करून बघतात आणि त्याला देऊन टाकतात. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी वाटेल ते लिहू शकतो. त्यातला एक भयंकर घोरतो, एवढंच लिहितो.

टीव्हीवर तू पाहिलं असशीलच, पण सरळ सांगतो. ज्या देशातून आम्ही तेल भरलं तिथे सध्या दोन सरकारं आहेत. एकाने तेल विकलं, दुसरं म्हणतं ते चोरीचं आहे. पहिल्याचे सहा बंदूकवाले तेलावर लक्ष ठेवायला चढले ते उतरलेच नाहीत, तेच हे पहारेकरी. दुसऱ्याने जाहीर केलंय की तेल उतरवायला जहाज हललं तर ते जहाज उडवणार. म्हणून आम्ही फुजैराच्या हद्दीबाहेर नांगर टाकून उभे, आणि मोठी माणसं कुठल्याशा हॉटेलात बसून बोलणी करताहेत. तेल दोघांचं, जहाज तिसऱ्याचं, त्यावरचा झेंडा चौथ्याचा. आत आम्ही एकवीस जण मात्र कुणाचेच नाही.

माझं काम चालू आहे. पंपमनला सुट्टी नसते. टाक्यांतला दाब दिवसातून सहा वेळा बघायचा, नाहीतर कुणाला धमकी द्यायचीसुद्धा गरज उरणार नाही. सोबतीला धनंजय आहे, संगमेश्वरचा फिटर. तो सारखा बोलत असतो, म्हणून बरं आहे.

सकाळी हवा साफ असली की डोंगर दिसतात. डोंगराच्या पलीकडे वाळवंट, आणि त्याच्या पलीकडे अजमान, आपलं घर. मी रोज तिकडे बघून चहा पितो. हिबाचा अभ्यास कसा चाललाय? आणि अम्मीचं सविस्तर कळव. तिच्या तोंडचे शब्द असतील तसे लिही, साजूक करू नकोस.

जहूर

~

अजमान,
९ डिसेंबर

हिबाच्या बाबांस,

वालेकुम सलाम. अक्षर लागलं. ‘दाब’ की ‘दाह’ यावर पाच मिनिटं गेली, बाकी ठीक.

पत्र घ्यायला मी शनिवारी फुजैराच्या धक्क्यावर गेले होते. हमदुल्ला भला माणूस आहे. म्हणाला, “भाभी, आदमी ठीक है, दाढ़ी बढ़ गई है।” एवढ्यावर मी परतीच्या वाटेवर सगळा डोंगर हसत उतरले. कंपनीच्या ऑफिसात महाडचे मुनीरभाई आहेत, ते चांगलं बोलतात, पण त्यांनाही काही माहीत नाही. “भाभी, बोलणी चालू आहेत, इन्शाल्ला दोन वीक्स,” म्हणाले. दोन वीक्स ते गेल्या महिन्यापासून म्हणताहेत.

हिबाला मी सांगितलं की बाबांचं जहाज थांबलंय. तिने वर न बघता विचारलं, “स्टॉप्ड ऑर अरेस्टेड?” सहावीतली मुलगी. मी म्हटलं, थांबलंय. “देन व्हाय कान्ट ही कॉल?” म्हणाली. मी भाजी चिरायला घेतली.

अम्मींना काल गावी फोन केला. छातीत जरा दुखतं म्हणतात, मुनिबा आपांनी डॉक्टर आणला होता. तुमची गोष्ट सांगितली तर आधी त्या दोन्ही सरकारांना शिव्या दिल्या, त्या लिहीत नाही. मग म्हणाल्या, “त्याला म्हणावं, जहाजावर मच्छी मिळते का, की समुद्रात बसून कोंबडीच खातोस? बापाचं नाव घालवलंस.” साजूक केलेलं नाही.

आमची काळजी करू नका. शाळेत माझे नेहमीसारखे तास चालू आहेत. घरी सगळं ठीक आहे.

हलिमा

~

अजमान,
१४ डिसेंबर

हिबाच्या बाबांस,

हे पत्र मी पाठवणार नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि सांगायला तुमच्याशिवाय माणूस नाही.

अम्मी काल गेल्या. सकाळी मुनिबा आपांकडे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या. दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. मी इथून फोनवर बघितलं. आपांच्या मुलाच्या हातातला फोन सारखा कलत होता, त्यामुळे अर्धा वेळ मला नुसतं आंब्याचं झाड दिसत होतं.

आपा म्हणाल्या, जहूरला कळवायचं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. दर्यावरच्या माणसाला मौतीची खबर द्यायची नाही, ही तुमच्या घरची जुनी रीत. तुमचे अब्बा जहाजावर असताना तुमची दादी गेली तेव्हा अम्मींनी पाच महिने पत्ता लागू दिला नव्हता. अब्बा दादीसाठी शाल घेऊन उतरले होते. ही गोष्ट अम्मींनीच मला सांगितली, आणि वर म्हणाल्या, “माझं काही झालं तर पोराला पाण्यावर कळवू नका. पाण्यावर माणसाला रडायलासुद्धा जागा नसते.” त्यांचा शब्द मी कसा मोडू?

मी गावी गेले नाही. मी नसताना तुमचं पत्र आलं आणि उत्तर गेलं नाही, तर तुम्ही लगेच ओळखाल.

आता तुम्ही विचारणार, अम्मी काय म्हणते. मी काय लिहू?

ह.

~

जहाजावरून,
१७ डिसेंबर

हलिमा,

अम्मीचा निरोप धनंजयला वाचून दाखवला. तेव्हापासून कोंबडी वाढली की तो “बापाचं नाव घालवलंस” म्हणतो. तिच्या छातीचं नीट बघायला सांग. मुनिबा आपा काटकसर करते, तिला म्हणावं रत्नागिरीच्या मोठ्या डॉक्टरकडे ने.

इथे परवा एक लढाऊ जहाज आलं आणि आमच्यापासून तीन मैलांवर उभं राहिलं. कुणाचं ते सांगत नाहीत. आमच्या रक्षणाला आलंय म्हणे. त्याच्या तोफेचं तोंड मात्र आमच्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी एक विमान इतक्या खालून गेलं की स्वयंपाकघरातली भांडी खाली आली. रेडिओवर कळलं, बोलणी “सकारात्मक वातावरणात” चालू आहेत. वातावरण आम्ही बघितलं.

मी घाबरत नाही असं नाही. पण भीतीपेक्षा दुसरंच होतं. काम करताना मध्येच तुझा आवाज आठवायचा प्रयत्न करतो आणि नुसते शब्द आठवतात, आवाज येत नाही. सव्वीस वर्षं जहाजावर काढली, असं कधी झालं नव्हतं. पूर्वी दर आठवड्याला फोन होता, म्हणून असेल.

अम्मीचं लिही. तिच्याबद्दल चार ओळी तरी लिहीत जा.

जहूर

~

अजमान,
२६ डिसेंबर

हिबाच्या बाबांस,

पत्र मिळालं. तोफेचं हिबाला सांगितलं नाही, तरी तिने मोबाईलवर शोधून काढलंच. शाळेतल्या नकाशावर तिने तुमच्या जागी पेन्सिलने टिंब काढलंय. पेनाने का नाही विचारलं तर म्हणाली, “बिकॉज ही विल मूव्ह.”

अम्मी बऱ्या आहेत. डॉक्टरकडे नेलं होतं, औषध चालू आहे. परवा बोलणं झालं. म्हणाल्या, “दाढी वाढवलीस म्हणे, ती काढ, तुला शोभत नाही.” आणि म्हणाल्या, “जपून राहा. लवकर ये. तुझ्यावाचून घर खायला उठतं.” त्यांना फोनवर जास्त बोलवत नाही, म्हणून एवढंच.

मुनीरभाई म्हणतात, नवीन वर्षात काहीतरी हालचाल होईल. मी आता त्यांना तारीख विचारत नाही.

आम्ही मजेत आहोत. घरची काळजी करू नका.

हलिमा

~

जहाजावरून,
१९ जानेवारी

हलिमा,

हे पत्र धनंजय स्वतः आणून देईल. दचकू नकोस, तो पळून आलेला नाही. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस, दोन महिन्यांत त्याने धड मासा पाहिलेला नाही.

झालं असं. बोलणाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून ठरवलं की तीन माणसं जहाजावरून सोडायची. ज्यांच्या घरी मृत्यू किंवा गंभीर आजार आहे अशीच. बातमी फुटली तर सगळं मोडेल, म्हणून घरच्यांना किंवा पेपरवाल्यांना कळवायचं नाही. परवा सकाळी त्यांचा अधिकारी बोटीने आला. प्रत्येकाला एक फॉर्म, त्याच्यासमोर भरायचा, त्याच्यासमोर सही. दुपारपर्यंत खलास.

घरी जायचं दार समोर उघडं होतं, हलिमा. कॅप्टन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ओल्ड मदर, नो? राइट सीरियस. पेपर लेटर.” म्हणजे गंभीर लिही, कागद मागून देऊ. चारपाच जणांनी तसं लिहिलंही. मी पेन धरून बसलो. अम्मीच्या छातीत दुखतंय हे तर खरंच होतं, त्याच्यापुढे दोनच शब्द वाढवायचे होते. तू आणि हिबा अगदी डोळ्यांसमोर उभ्या होतात. पण अम्मीच्या नावापुढे आजार लिहायला माझा हात धजेना. तुझ्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं, बऱ्या आहेत, औषध चालू आहे. जित्याजागत्या आईवर असलं लिहायचं आणि उद्या खरंच काही झालं, तर मी तोंड कुठे लपवू? मी लिहिलं, “आई: हयात. तब्येत: चांगली.” आणि सही केली.

धनंजयच्या बापाचं खरंच ऑपरेशन आहे. त्याचं नाव आलं. नाव ऐकून तो रडला, जायला तयार नाही. हे पत्र त्याच्या खिशात घालून मीच त्याला शिव्या देऊन बोटीत ढकलणार आहे.

रागावू नकोस. मोकळा झालो असतो तर कसा दिसलो असतो, ते दोन दिवस मनात येतंय. पण अम्मी सुखरूप आहे एवढं सुख मला आत्ता पुरतं. तिला हे सांग, खूश होईल. काय म्हणाली ते लिही.

जहूर

~

अजमान,
२४ जानेवारी

हिबाच्या बाबांस,

सोबत एक जुनं पत्र आहे. १४ डिसेंबरचं. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? आता तुम्हाला कळलं असेल की मी काय केलं.

धनंजयभाऊ बुधवारी आले. मी सुरमई तळत होते. ते सोफ्यावर बसून सांगत होते, “वहिनी, जहूरभाईसारखा माणूस बघितला नाही. आईच्या नावावर खोटं लिहिणार नाही म्हणाला.” मी तुमचं पत्र शेगडीपाशी उभी राहून वाचलं. मासे करपले. त्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय. मी त्यांना काहीच सांगू शकले नाही, त्यांच्या बापाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

अम्मी जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. तुम्ही नुसतं खरं लिहिलं असतं तरी आज घरी असता. खरं मी तुम्हाला लिहूच दिलं नाही.

गुरुवारी मी शाळा सोडून फुजैराला गेले. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला, त्याचं भाषांतर, सगळं मुनीरभाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “भाभी, आय अ‍ॅम सॉरी. पण लिस्ट क्लोज झालीय. त्याच्या सहीने ‘मदर अलाइव्ह’ असं त्यांच्या टेबलावर पडलंय. मी आता हा पेपर नेला तर ते म्हणतील, ही कंपनी रोज नवीन स्टोरी आणते. तिकडे आधीच कोण कुणाला खोटं पाडतो त्याचीच वाट बघताहेत. बोलणी तुटली तर अठराच्या अठरा लटकतील.” मी म्हटलं, चूक माझी आहे, मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगते. तर म्हणाले, “तिथे तुम्हाला कोण आत घेणार?”

खरंच, कोण घेणार? मी परत आले.

हिबाला सगळं सांगितलं. दादी गेल्याचं तिला ठाऊक होतं, तुम्हाला लिहीत नव्हते हे नव्हतं. “ही आस्क्ड यू एव्हरी टाइम, मम्मा,” एवढंच म्हणाली.

अम्मींचा शब्द पाळला असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं आहे, पण पुरतं नाही. मला तुमच्या रडण्याची भीती वाटली. इतक्या लांबून मी तुम्हाला धरणार कशी? माफ करा म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते, माफ करा.

हलिमा

~

जहाजावरून,
५ फेब्रुवारी

हलिमा,

तुझं पत्र पंपरूममध्ये उभ्याने वाचलं. तिथे आवाज इतका असतो की माणूस ओरडला तरी ऐकू जात नाही. अम्मीला म्हणायला हवं होतं, पाण्यावर रडायला जागा असते.

चार दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. चुकली नाहीस असं मी म्हणणार नाही. चुकलीस. पण मीही वेड पांघरलं होतं. आपल्या घरची रीत मला ठाऊक नाही का? अब्बांची शाल मी नऊ वर्षांचा असताना पाहिलेली आहे. म्हणून तर दर पत्रात अम्मीचं विचारत होतो. आणि तू काही बरं लिहिलंस, की पुढे खोदून न बघता मी हयात म्हणून मोकळा होत होतो.

शुक्रवारी डेकवर अम्मीची गायबाना नमाज पढली, मयत समोर नसताना पढतात ती. मी आणि आमचा स्वयंपाकी, दोघेच उभे राहिलो होतो. घोरणाऱ्या पहारेकऱ्याने विचारलं, “कोण?” मी म्हटलं, “उम्म.” आई. त्याने बंदूक खांद्यावरून काढली, डेकवर ठेवली आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मग बाकीचे आले. सहाच्या सहा बंदुका डेकवर पडलेल्या, आणि तीन मैलांवर ती तोफ आमच्याकडे बघत होती. चार तकबीर होईपर्यंत या तेलावरून कुणाचंच भांडण नव्हतं. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपली, त्यांनी बंदुका उचलल्या आणि आपापल्या जागी गेले. मीही दाब बघायला गेलो, वेळ झाली होती.

आता एक विचारतो. डिसेंबरच्या पत्रात अम्मी म्हणाली होती, जपून राहा, लवकर ये, तुझ्यावाचून घर खायला उठतं. वाचताना मी तिथे अडखळलो होतो. गावचं घर सव्वीस वर्षं माझ्याशिवायच आहे, ते अम्मीला कधी खायला उठलं नाही. उलट मी दहा दिवसांच्या वर राहिलो की ती विचारायची, जहाज कधी. ते तू म्हणत होतीस ना? मग तुझ्या नावाने का नाही म्हणालीस? माझ्याकडे तुझी पत्रं आहेत आणि त्या सगळ्यांत तू मजेत आहेस.

फॉर्म आता मिळणार नाही, ते राहू दे. पण मला खरं लिही.

जहूर

~

अजमान,
११ फेब्रुवारी

जहूर,

बोलणी महिनाभर पुढे गेली. मुनीरभाईंनी आज सांगितलं. धमकी मागे घेतलेली नाही, तीही महिनाभर पुढे गेली म्हणे.

खरं लिहायला सांगितलंत, तर ऐका. मी मजेत नाही. वर्गात हजेरी घेताना मधलीच नावं विसरते. हिबा चिडली की अगदी तुमच्यासारखी मान फिरवते, मग मी तिला मुद्दाम चिडवते आणि बघत राहते. तुमची पत्रं धक्क्यावरच उघडते, गाडीपर्यंत दम निघत नाही.

हे पत्र द्यायला आज धक्क्यावर आले तर हमदुल्ला सामान भरत होता. मी त्याला म्हटलं, मलाही घेऊन चल. तो म्हणाला, “भाभी, गोली मार देंगे।” मी म्हटलं, तुला नाही मारत, मला का मारतील? तो हसला नाही. मग म्हटलं, निघेपर्यंत नुसती बसते. त्याने हात देऊन मला लाँचमध्ये उतरवलं. कोबीच्या पोत्यांमध्ये जागा करून मी तुमच्या बाजूला तोंड करून बसलेय, लाँच धक्क्याला बांधलेलीच आहे. इंजिन सुरू झालं की तो मला परत वर घेईल. हे शेवटचं कोबीच्या पोत्याला टेकूनच लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

मला तुमच्याकडे यायचंय.

हलिमा